जुनी होंडा सिटी व्हीटेक घरी उभी करायची तर: आधी टेल लॅम्प, मग इंजिन

होंडा सिटी भारतात आली जानेवारी १९९८ मध्ये. दोन वर्षांनी, २००० साली, तिच्यात १४९३ सीसीचं व्हीटेक इंजिन आलं, १०६ अश्वशक्तीचं. आज हा आकडा ऐकून कुणाच्या भुवया उंचावणार नाहीत. पण गाडी हलकी, जमिनीला चिकटलेली, आणि इंजिनाचा काटा सात हजाराकडे निघाला की अजिबात कुरकुर न करणारं. २००३ मध्ये कंपनीने नवी सिटी आणली ती ७७ अश्वशक्तीची, मायलेज हाच तिचा मोठा गुण. तेव्हापासून 'टाइप-टू व्हीटेक', म्हणजे हीच जुनी १०६ अश्वशक्तीची सिटी, शोधणाऱ्यांची एक वेगळीच जात तयार झाली. मी त्यातलाच.

माझी गाडी २००१ ची, सोलापूर पासिंगची. ती घरी आणली त्याच रविवारी मी पाने घेऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत पुढचा अर्धा भाग उघडा केला. बोल्ट सगळे एका घमेल्यात. पुढे ती गाडी चौदा महिने घोड्यांवर (गाडी उचलून ठेवायच्या लोखंडी स्टँडवर) उभी होती, आणि कारण इंजिन नव्हतं. इंजिनाचं सामान तीन आठवड्यांत जमलं. अडलं ते डाव्या टेल लॅम्पवर, दरवाज्याच्या रबरांवर आणि खिडकीच्या एका क्लिपवर. म्हणून नव्याने या नादाला लागणाऱ्याला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: परत बसवायचा भाग हातात आल्याशिवाय जुना भाग काढायचा नाही.

१. गाडी निवडताना

लोक बॉनेट उघडून सुरुवात करतात. तुम्ही गाडीला बाहेरून एक फेरी मारा, कागद-पेन घेऊन. टेल लॅम्प शाबूत आहेत का, बंपर मूळचे आहेत का, दरवाज्याची हँडलं, काचांच्या कडेची रबरं, डॅशबोर्डवरचं प्लास्टिक, सीटचं कापड. हे सगळं पूर्ण असेल आणि इंजिन निळा धूर मारत असेल, तर ती गाडी घ्या. इंजिन टकाटक आणि आतलं निम्मं सामान गायब असेल तर हात जोडा आणि निघा. पिस्टन रिंगा मिळतात, हेड पॅकिंग मिळतं, गरज पडली तर आख्खं इंजिनही मिळतं. वीस वर्षांपूर्वीच बनायचं थांबलेलं प्लास्टिक मिळत नाही.

दुसरी पाहणी पत्र्याची. कापडात गुंडाळलेलं साधं लोहचुंबक घ्या आणि मागच्या चाकांच्या कमानी, दरवाज्याखालची पट्टी, डिकीचा तळ यांवरून फिरवा. चुंबक जिथे पकड सोडेल तिथे रंगाखाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) आहे. मॅट उचलून पायाखालचा पत्रा बोटाने दाबून बघा. डिकीतली स्टेपनी बाहेर काढा, तिच्या खाचेत पाणी साचतं आणि तिथूनच सडायला सुरुवात होते.

गाडी कुठल्या हवेत वाढली हे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचं. समुद्राकाठी पंधरा पावसाळे काढलेली गाडी वरून कितीही चकचकीत दिसली तरी तिच्या पोटात काय आहे ते घोडीवर चढवल्यावरच कळतं. मी सोलापूरची शोधली ती त्यासाठीच. ऊन लागलेला डॅशबोर्ड तडकलेला मिळाला, पण तळ कोरा.

२. कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलात तर पुढचं सगळं फुकट. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे २००१ च्या गाडीचं नूतनीकरण २०१६ मध्ये आणि पुढे दर पाच वर्षांनी झालेलं हवं. झालं नसेल तर फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून ते करावं लागतं. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही आहे. जुन्या गाड्यांचं हे शुल्क एप्रिल २०२२ पासून बरंच वाढलं आहे, त्यामुळे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर आजचा आकडा बघूनच गाडीचा भाव ठरवा.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकशी स्वतः ताडून बघा. या गाड्यांची इंजिनं बदललेली सर्रास सापडतात. बदललं असेल आणि त्याची नोंद नसेल तर ते लफडं आधीच्या मालकाकडून निस्तरून घ्या. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी रस्त्यावर आणता येत नाही. तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

३. सामान जमवणं

खरं काम हे. आणि याची मजा पाना फिरवण्याइतकीच आहे, हे मला उशिरा कळलं.

सामानाचे मनातल्या मनात तीन ढीग करा. पहिला, झिजणाऱ्या वस्तूंचा: फिल्टर, प्लग, बेल्ट, ऑइल सील, ब्रेक शू, बुश. हे चांगल्या कंपन्यांचं बाहेर मिळतं, शेवटी घेतलं तरी चालतं. दुसरा, यांत्रिक भागांचा: डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा), अल्टरनेटर, ड्राइव्हशाफ्ट, कॅलिपर. हे जुन्या बाजारातून किंवा दुरुस्त करून. तिसरा ढीग दिसणाऱ्या वस्तूंचा, आणि शोध तिथून सुरू करायचा, कारण तोच सगळ्यात जास्त वेळ खातो.

होंडाचा पार्ट नंबर वाचायला शिका, फार उपयोग होतो. तो तीन तुकड्यांत असतो. पहिले पाच आकडे म्हणजे तो भाग काय आहे: १५४०० म्हणजे ऑइल फिल्टर, १४४०० म्हणजे टायमिंग बेल्ट, १९२०० म्हणजे वॉटर पंप. मधली तीन अक्षरं म्हणजे तो मुळात कुठल्या मॉडेलसाठी किंवा इंजिनासाठी बनला. शेवटचा तुकडा आवृत्ती, रंग वगैरे. त्यामुळे दुकानदाराने 'हाच लागतो, डोळे झाकून न्या' म्हणून डबा पुढे केला की मधली तीन अक्षरं बघायची. सिटीचं इंजिन होंडाच्या डी घराण्यातलं, त्या काळच्या सिव्हिकचं चुलत भावंड. काही भाग दोघांना सारखे आहेत, काही फक्त दिसायला सारखे. नंबर जुळवल्याशिवाय परदेशातून काही मागवू नका.

जुनं सामान कुठे? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. पुण्यात नाना पेठेत नवे स्पेअर, आणि नशीब असेल तर जुन्या बाजारात एखादा तुकडा. त्यापलीकडे दिल्लीचं मायापुरी आणि चेन्नईचं पुदुपेट, जिथे गाड्या सुट्या करून विकल्या जातात. तिथे फोनवरून व्यवहार करताना भागाचा फोटो तिन्ही बाजूंनी मागा, आणि त्यातल्या एका फोटोत शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा. थोडं हास्यास्पद वाटतं, पण इंटरनेटवरून उचललेले फोटो पाठवणारे कमी नाहीत.

सगळ्यात शहाणपणाचा मार्ग म्हणजे डोनर गाडी. ठोकलेली किंवा नोंदणी रद्द झालेली सिटी भंगारात जाताना मिळाली, तर तिघा-चौघांनी मिळून घ्या. एकाला दरवाजे, एकाला वायरिंग, एकाला गिअरबॉक्स. उघडताना मात्र सगळ्यांनी हजर राहा. पत्रा कापायची घाई झालेला माणूस चार रुपयांची क्लिप वाचवत बसत नाही, आणि तुम्हाला नेमकी तीच हवी असते.

४. जागा आणि हत्यारं

खाली पक्की फरशी, वर छप्पर, रात्री भरपूर उजेड. चार मजबूत घोड्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही. मिलिमीटर गोट्यांचा (सॉकेट पान्यांचा) एक चांगला संच, टॉर्क रेंच, मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज. बोल्टसाठी झिपच्या छोट्या पिशव्या आणि त्यावर लिहायला मार्कर. घमेलं घरातल्या कामाला ठेवा.

५. आधी थांबायला शिकवा

गाडी पळवण्याचा विचार येईल तेव्हा ब्रेक आधी. उभ्या गाडीत मास्टर सिलिंडरची रबरं कडक होतात, पाइप आतून फुगतात, मागचे शू ड्रमला चिकटतात. चारही रबरी ब्रेक पाइप बदला, चांगले दिसत असले तरी. कॅलिपरचे किट टाका. ड्रम उघडताना धूळ फुंकून उडवू नका, ती फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून काढतं.

ब्रेकच्या पाइपांतली हवा चाकाजवळच्या निपलमधून काढायला दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे आई पेडलवर होती.

"आई, दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय की रे, किती वेळ?"

निपल बंद केल्यावरच 'सोड' म्हणायचं. हा क्रम एकदा उलटा झाला की हवा परत आत, आणि आई परत पेडलवर.

नंतर पेट्रोलची बाजू. वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या टाकीतलं पेट्रोल व्हार्निशसारखं झालेलं असतं. टाकी उतरवा, धुवा, आत गंज आहे का बघा, पंपाची जाळी बदला. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आमच्याच भागातल्या उसाचं, त्यामुळे बोलायला जीभ रेटत नाही, पण या गाडीचे रबरी पाइप बनले तेव्हा असलं पेट्रोल कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सगळे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे आणि फ्युएल इंजेक्शनचा दाब सोसणारे घाला. क्लिपही नव्या. कार्ब्युरेटरच्या गाडीचा स्वस्त पाइप इथे लावणं म्हणजे इंजिनशेजारी कारंजं बसवणं.

६. इंजिन: उघडण्याआधी ऐका

इंजिन खोलायची घाई नको. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघा. चारही प्लग काढा, पेट्रोल आणि करंट दोन्ही तोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. २८ पीएसआयपेक्षा जास्त तफावत म्हणजे काहीतरी गडबड. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. सकाळी चालू करताना निळा भपका येऊन थांबत असेल तर बहुतेक वेळा नुसते व्हॉल्व्ह सील असतात. त्यासाठी बोअरचं काम काढणाऱ्या फिटरचं ऐकू नका.

खरोखरच बोअर, होनिंग किंवा हेड फेसिंग, म्हणजे सिलिंडर किंवा हेड मशीनवर घासायचं काम, लागलं तर ते घरी होत नाही. कोल्हापूरकरांना उद्यमनगर आहे, तिथे लेथवरचा माणूस ऑइल इंजिनांवर हात बसलेला असतो. त्याला जपानी हलक्या इंजिनाचे टॉलरन्स कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं दुपारपर्यंतसुद्धा टिकत नाही, हे मी एक हेड जास्त घासून घेतल्यावर शिकलो.

टायमिंग बेल्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत बदला, आधीच्या मालकाने देवाची शपथ घेतली तरी. बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर जाऊन आपटतो. सोबत टेन्शनर, वॉटर पंप आणि कॅम-क्रँकचे ऑइल सील, कारण वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो आणि पुन्हा तेवढंच उघडायची हौस कुणालाच नसते.

इथे होंडाची एक खोड आहे. हे इंजिन पुलीच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. क्रँक पुलीचा बोल्ट भयंकर घट्ट असतो, आणि गॅरेजमधली जुनी युक्ती म्हणजे लांब दांडा चेसिसला टेकवून सेल्फ मारायचा. बाकीच्या बऱ्याच गाड्यांत बोल्ट सुटतो. इथे तो आणखी आवळला जातो. पुली धरायचं षटकोनी होल्डर मिळतं, ते घ्या किंवा लेथवाल्याकडून करून घ्या, आणि दांड्याला लांब पाइप लावा.

कॅम पुलीवर 'अप' कोरलेलं असतं, ते वर यायला हवं. क्रँक पुलीवरची पांढरी खूण पहिल्या सिलिंडरच्या टॉप डेड सेंटरची, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाची. लाल खुणा इग्निशनच्या टायमिंगच्या, त्यांच्यावर बेल्ट बसवणारे पुढे महिनाभर कार्यशाळांच्या पायऱ्या झिजवतात. बेल्ट बसल्यावर टेन्शनरचा बोल्ट सैल ठेवून क्रँक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, कॅम पुलीचे तीन दात सरकेपर्यंत, आणि मग बोल्ट आवळा. नंतर पान्याने, हाताने, दोन पूर्ण फेरे द्या आणि खुणा पुन्हा बघा. कुठे अडल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. जोर लावायचा नाही.

आता व्हीटेक. प्रत्येक सिलिंडरच्या इनटेक व्हॉल्व्हवर दोन साधे रॉकर आणि मध्ये तिसरा, उंच कॅमवर चालणारा. कमी आरपीएमला मधला मोकळाच हलतो. आरपीएम वाढले की गाडीचा संगणक एक सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडतो, ऑइलचा दाब पिन सरकवतो, तिन्ही रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह जास्त उंच, जास्त वेळ उघडतात. म्हणजे हा सगळा खेळ ऑइलच्या दाबावर. 'व्हीटेक लागत नाही' म्हणून महागडा सोलेनॉइड घेण्याआधी ऑइलची पातळी बघा. मग सोलेनॉइड उतरवून त्यामागची जाळी बघा. माझ्या गाडीत ती काळ्या गाळाने बंद झाली होती. जाळी-गॅस्केट नवं घातलं आणि काम झालं. तिथलं गॅस्केट तसंही ऑइल गाळतंच. इंजिन गरम झालेलं नसेल तरी संगणक व्हीटेक लावत नाही, तो दोष समजू नका.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवणं, थंड इंजिनावर, ३८ अंशांच्या खाली. एप्रिल-मेमध्ये हे काम सकाळी करा. आणि गिअरबॉक्समध्ये ९० नंबरचं जाड ऑइल ओतू देऊ नका, सवयीने ओततात. होंडाचं मॅन्युअल ट्रान्समिशन ऑइल वेगळं, पातळ असतं. जाड ऑइलने थंडीत दुसरा गिअर पडत नाही आणि लोक सिंक्रोनायझरला दोष देत बसतात.

७. करंट

गाडी थंड असताना पटकन चालू होते, उन्हात उभी करून आलात की सेल्फ फिरतो पण पेटत नाही, अर्ध्या तासाने आपोआप पेटते. हे त्या पिढीच्या होंडांचं जगजाहीर दुखणं. डॅशबोर्डखालच्या मेन रिलेचे (पेट्रोल पंपाला करंट देणाऱ्या स्विचचे) सोल्डरचे टाके तडकतात आणि उष्णतेने सुटतात. रिले उघडा, भिंगातून बघा, टाके पुन्हा लावा. सोल्डरिंग येणाऱ्याला अर्ध्या तासाचं काम.

डिस्ट्रिब्युटरचं बेअरिंग करकरत असेल किंवा टोपीच्या आत ऑइल दिसलं तर तो उतरवा. मागची ओ-रिंग आणि आतला सील बदलल्यावर बरेचदा वाचतो. बाजारातले स्वस्त नवे डिस्ट्रिब्युटर मी दोन वापरून बघितले, आता नाही वापरत. इंजिन, बॉडी आणि बॅटरी यांच्यातल्या अर्थिंगच्या वायरी काढून, टोकं घासून परत लावा. निम्मी 'विचित्र' दुखणी तिथेच संपतात.

८. पत्रा

सडलेला पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करायचा. त्यावर लांबी भरून रंग मारणारा डेंटर दोन पावसाळे कमावतो, तुम्ही नाही. वेल्डिंगआधी बॅटरी आणि संगणकाचे कनेक्टर काढा, पेट्रोल टाकी लांब ठेवा. जोडाला झिंक प्रायमर, आणि रंगकाम संपल्यावर पोकळीत मेणाचा फवारा. रंगासाठी चांगल्या बूथवाल्याकडे जा. घरच्या अंगणात मारलेल्या रंगात आंब्याचा मोहर चिकटतो, हे पाहिलेलं आहे.

क्लिपा आणि रबरं बसवायला दुपारचं ऊन चांगलं, प्लास्टिक नरम होतं. सकाळच्या गारठ्यात जुनी क्लिप ओढाल तर बिस्किटासारखी मोडते.

९. रस्त्यावर

रेडिएटर भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, हवा निघेपर्यंत झाकण उघडं, आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत गाडीपाशीच उभं राहा. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांपेक्षा जुने असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, बदला.

पहिले दहा किलोमीटर वस्तीजवळ, हळू, काच खाली करून. थांबलात की चाकांना हात लावून बघा, एखादं जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. इंजिनाचं काम झालं असेल तर पहिल्या ५०० किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला आणि माउंटिंगचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. तोवर काटा निम्म्याच्या वर नेऊ नका. मग एखाद्या पहाटे रिकाम्या, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरला दाबून धरा. पाच हजाराच्या आसपास आवाज बदलतो. तो बदलला नाही तर घरी येऊन आधी डिपस्टिक काढा.

माझ्याकडे माळ्यावर डाव्या टेल लॅम्पचा एक जादा संच गुंडाळून ठेवलाय. तो विकायचा नाही, विचारू नका.